रविवार दुपारचा बेसबॉल आणि त्यामागचं राजकारण: थोडी पार्श्वभूमी

अमेरिकेत न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या लोकांना पॅरामसचे मॉल रविवारी बंद असतात हे पाठ असतं. भारतातून आलेला पाहुणा शनिवारी दमलेला असतो, रविवारी शॉपिंगला जाऊ म्हणतो, मग त्याला सांगावं लागतं की बर्गन काउंटीत रविवारी कपड्यांची, फर्निचरची दुकानं उघडत नाहीत, आणि का विचारलं की आपण 'ब्लू लॉ', म्हणजे रविवारी धंदा बंद ठेवणारा कायदा, एवढंच म्हणतो आणि विषय संपतो. पण याच ब्लू लॉनी अमेरिकेत कित्येक दशकं बेसबॉलचा रविवार अडवून धरला होता, आणि आज फिलाडेल्फियात रविवारी दुपारी दीड-पावणेदोनला पहिला बॉल पडतो, बाहेर पार्किंगमध्ये ग्रिल पेटलेल्या असतात, आपली मंडळाची मुलं लाल टोप्या घालून आईबापांबरोबर सबवेने येतात, हे सगळं 1934 च्या आधी तिथे बेकायदेशीर होतं. फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्ग ही मोठ्या लीगमधली शेवटची दोन शहरं, त्यांना रविवार मिळायला सगळ्यात जास्त उशीर लागला. आजकाल स्टेडियमसाठी सरकारी पैसा, सार्वमत, कोर्टकचेऱ्या यावर जी भांडणं चालू आहेत ती समजून घ्यायची तर ही जुनी गोष्ट माहीत हवी असं मला मनापासून वाटतं, म्हणून लिहितोय.

आधी फार मागचं थोडक्यात. रविवारी काम आणि करमणूक दोन्ही बंद ठेवणारे कायदे वसाहतींच्या काळापासूनचे. पेनसिल्व्हेनियाचा, म्हणजे फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्ग ज्या राज्यात आहेत त्याचा, जो कायदा पुढे दीडशे वर्षं लोकांच्या मानेवर बसला तो 1794 चा. पहिली मोठी लीग 1876 मध्ये निघाली आणि तिला स्वतःला प्रतिष्ठित म्हणवून घ्यायचं होतं, तिकीट 50 सेंट, बिअर नाही, रविवारचा गेम नाही. सिनसिनाटीच्या क्लबने मैदानात बिअर विकणं आणि रविवारी मैदान भाड्याने देणं सोडायला नकार दिला तर 1880 च्या सीझननंतर त्यांना चक्क लीगमधून काढून टाकलं. मग 1882 मध्ये प्रतिस्पर्धी लीग उभी राहिली, तिकीट 25 सेंट, बिअर चालेल, आणि जिथे शहर परवानगी देईल तिथे रविवारही चालेल. सेंट लुइस, सिनसिनाटी, लुइव्हिल ही जर्मन वस्तीची शहरं, तिथे रविवारी चर्च झालं की बायकापोरांना घेऊन बागेत जायचं, बिअर घ्यायची, बँड ऐकायचा ही पद्धतच होती, त्यामुळे बेसबॉल त्यात सहज बसला. ती लीग 1891 नंतर मोडली, तिचे चार क्लब जुन्या लीगमध्ये आले आणि 1892 पासून जुन्या लीगनेही रविवारचा निर्णय त्या त्या शहरावर सोडला. म्हणजे लीगची बंदी संपली, राज्यांचे कायदे राहिले. इथून पुढे हा सगळा राजकारणाचा प्रश्न झाला.

रविवारच का एवढा महत्त्वाचा, हे आज शनिवार-रविवार दोन्ही सुट्टी असलेल्या माणसाला पटकन कळत नाही. तेव्हा कामाचा आठवडा सहा दिवसांचा. मोठ्या लीगच्या मैदानावर दिव्याखालचा पहिला गेम झाला तो 24 मे 1935 ला सिनसिनाटीत, त्याआधी सगळं उन्हात, आणि आठवड्यातले गेम दुपारी तीन-साडेतीनला सुरू व्हायचे. त्या वेळी गिरणीतला, गोदीतला, स्टीलच्या कारखान्यातला माणूस कामावरच असायचा, मग मैदानात कोण, तर ज्यांना दुपारी ऑफिसमधून उठून जाता येतं ते. रविवार बंद म्हणजे कामगाराला बेसबॉलच बंद. आपल्याकडे मुंबईत हेच दुखणं होतं, गिरण्यांत आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती, कामगारांच्या पहिल्या संघटनेने सभा घेतल्या, अर्ज केले, रविवार हा खंडोबाचा वार आहे हाही मुद्दा मांडला, आणि 10 जून 1890 ला रविवारची सुट्टी मिळवली. तिकडे रविवार देवाचा म्हणून मैदानं बंद, इकडे रविवार देवाचा म्हणून गिरण्या बंद करा, मागणी करणारा माणूस दोन्हीकडे कामगारच. त्याला आठवड्यातला एक दिवस स्वतःचा हवा होता.

मग क्लबवाल्यांनी पळवाटा काढल्या. क्लीव्हलंडमध्ये मे 1897 मध्ये रविवारी गेम सुरू केला तर एक इनिंग झाल्यावर पोलिसांनी दोन्ही टीमचे खेळाडू पकडले. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या क्लबने 1904 मध्ये तिकीट विकायचंच बंद केलं, आत फुकट या पण स्कोअरकार्ड विकत घ्या, आणि स्कोअरकार्डाचे रंग वेगवेगळे, ज्या रंगाचं कार्ड त्या रांगेत जागा. ते काही दिवस चाललं, मग अटका झाल्या. 1917 मध्ये महायुद्ध चालू असताना सैनिकांसाठी निधी म्हणून रविवारी गेम ठेवले, ब्रुकलिनमध्ये आधी धार्मिक संगीताची मैफल आणि पैसे मैफलीचे, गेम नंतर फुकट, तरी खटला झालाच. त्याच ऑगस्टमध्ये मॅनहॅटनला पोलो ग्राउंड्सवर सैन्याच्या तुकडीच्या मदतीसाठी गेम झाला आणि दोन्ही टीमच्या मॅनेजरवर केस झाली, न्यायाधीशाने ती फेटाळली. त्या दोनपैकी सिनसिनाटीचा मॅनेजर म्हणजे एकेकाळचा न्यूयॉर्कचा सर्वांत लाडका पिचर (बॉल टाकणारा), आणि तो धार्मिक कारणाने स्वतः रविवारी पिचिंग करत नसे म्हणून प्रसिद्ध होता! अशा माणसावर रविवार मोडल्याची केस, म्हणजे कायदा कुठल्या थराला गेला होता बघा.

युद्धाने गोष्टी हलल्या. वॉशिंग्टन शहर युद्धाच्या कामासाठी आलेल्या लोकांनी भरलं, त्यांना रविवारी करायला काही नाही, म्हणून मे 1918 मध्ये तिथल्या प्रशासनाने बंदी उठवली. न्यूयॉर्कमध्ये एप्रिल 1919 ला राज्याने कायदा केला की ज्या त्या शहराने ठरवावं, गेम मात्र दुपारी दोननंतरच, चर्चच्या वेळेला धक्का नको. ते बिल आणणारा सिनेटर पुढे न्यूयॉर्कचा मेयर झाला, सही करणारा गव्हर्नर 1928 ला प्रेसिडेंटच्या निवडणुकीला उभा राहिला, मोठ्या पक्षाचा पहिला कॅथलिक उमेदवार. हा योगायोग नाही. शहरातला आयरिश, इटालियन, ज्यू, जर्मन मतदार एका बाजूला आणि राज्याच्या विधिमंडळात गावाकडच्या प्रोटेस्टंट भागांचं वजन दुसऱ्या बाजूला, हीच ती लढाई, दारूबंदीतही तीच माणसं समोरासमोर होती. 4 मे 1919 ला न्यूयॉर्कात पहिले कायदेशीर रविवारचे गेम झाले आणि दोन्ही मैदानं मिळून हजारोंनी लोक आले.

बोस्टनची गंमत लांबलचक आहे पण मी आटोपतो. तिथे नोव्हेंबर 1928 ला मतदान झालं, लोकांनी हो म्हटलं, मग परवाने देताना नगरसेवकांनी पैसे मागितल्याचा आरोप झाला, चौकशी झाली, बरीच चिखलफेक झाली. 1929 पासून रविवार सुरू झाला खरा, पण कायद्यात चर्चपासून 1000 फुटांच्या आत खेळायचं नाही अशी अट होती आणि फेनवे पार्क हे मैदान त्यात सापडत होतं. त्यामुळे फेनवेची टीम रविवारी स्वतःचं मैदान सोडून दुसऱ्या क्लबच्या ब्रेव्ज फील्डवर 'होम' गेम खेळायची, 1932 ला अट सुटेपर्यंत.

आता फिलाडेल्फिया. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण सगळी गुंतागुंत इथे एका ठिकाणी आली.

1926 ला अमेरिकेच्या स्वातंत्र्याला 150 वर्षं झाली म्हणून फिलाडेल्फियात मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं. पाऊस फार, गर्दी कमी, पैसा बुडत होता, म्हणून शहराने प्रदर्शन रविवारीही तिकीट लावून उघडं ठेवलं. शहराच्या अमेरिकन लीगमधल्या (दोन मोठ्या लीगपैकी एक) अ‍ॅथलेटिक्स टीमला वाटलं, प्रदर्शनाला तिकीट चालतं तर आम्हाला का नाही. मेयर पोलिस पाठवणार म्हणाले तर क्लबने कोर्टातून मनाई हुकूम आणला की पोलिसांनी मध्ये पडू नये, न्यायाधीशाचं म्हणणं असं की शांतताभंग झाला तर बघू, नुसता गेम होतोय म्हणून अडवता येणार नाही. 22 ऑगस्ट 1926, रविवार, शाइब पार्क, शिकागोविरुद्ध 3-2 असा जिंकलेला गेम, पावसाळी हवा, शांततेत झाला, दंगा नाही, काही नाही. लोक आले, बघितलं, घरी गेले.

मग राज्य सरकार उतरलं. इथे बारकाईने बघायला हवं. 1794 च्या कायद्यात दंड किती, तर 4 डॉलर. अठराव्या शतकात तो जाणवत असेल, पण हजारो तिकिटं विकणाऱ्या क्लबला 1926 मध्ये त्याने काय फरक पडणार. म्हणून सरकारने दंडाचा रस्ता सोडला आणि क्लबच्या सनदेवरच बोट ठेवलं, म्हणजे तुम्ही राज्याने नोंदलेली कंपनी आहात, कायदा मोडून धंदा करण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, तो सिद्ध करा नाहीतर अधिकार काढून घेऊ. राजधानीच्या काउंटीतल्या कोर्टात क्लब हरला, अपील राज्याच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि जून 1927 ला तिथेही हरला.

सगळं अडलं ते 'वर्ल्डली एम्प्लॉयमेंट' या दोन शब्दांवर. कायदा म्हणतो की रविवारी कुणीही ऐहिक उद्योग किंवा धंदा करायचा नाही, गरजेची आणि दानधर्माची कामं सोडून, आणि पुढे वेगळं कलमच म्हणावं असं वाक्य आहे की बेकायदेशीर खेळ, शिकार, नेमबाजी, करमणूक करायची नाही. आता बेसबॉल हा खेळ म्हणून बेकायदेशीर नव्हताच, शहराच्या पार्कात हौशी पोरं रविवारी खेळत होती आणि त्यांना कुणी हात लावत नव्हतं. मग व्यावसायिक टीमला अडवायचं कसं, तर पहिल्या भागात टाका. पगारी खेळाडू, तिकीट, मालक, म्हणजे हा धंदा, ऐहिक उद्योग, म्हणून बंद. कोर्टाने लिहिलं की व्यावसायिक बेसबॉलमध्ये पवित्र असं काही आहे असं कुणीच म्हणणार नाही, ख्रिस्ती धर्म हा पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याच्या परंपरेचा भाग आहे, आणि कायदा जुना वाटत असेल तर तो बदलणं विधिमंडळाचं काम, आमचं नाही.

शेवटचा मुद्दा मला मान्य आहे, खरंच मान्य आहे, कोर्टाने कायदे करू नयेत. पण आधीचा भाग मला आजही पटत नाही. त्याच कायद्यात अपवादांची यादी आहे, घरी आणि खानावळीत स्वयंपाक चालेल, नावाडी प्रवासी उतरवू शकतो, दूध सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर विकता येईल. म्हणजे 1794 मधल्या लोकांनी आपल्या वेळचं शहर बघून ठरवलं होतं की माणसाला रविवारी काय लागतं. 1927 पर्यंत त्या शहरात रविवारी ट्राम धावत होत्या, रविवारची जाडजूड वर्तमानपत्रं विकली जात होती, रेल्वे चालत होती, आणि या सगळ्याला गरज म्हणून वाट काढून दिली होती. ज्याला सहा दिवस धूर आणि आवाज आहे त्याला सातव्या दिवशी दोन तास मोकळ्या मैदानावर बसायचंय, ही गरज का नाही? पैसेवाल्यांचे गोल्फ क्लब रविवारी चालायचे, त्यांच्या दारात कुणी सनद मागायला गेलं नाही, हा मुद्दा तेव्हाही लोक पोटतिडकीने मांडत होते आणि तो बरोबर होता.

आणि अजून एक. पाचच वर्षं आधी, 1922 ला, वॉशिंग्टनमध्ये देशाच्या सुप्रीम कोर्टाने बाल्टिमोरच्या एका क्लबच्या खटल्यात निकाल दिला होता. मोडलेल्या तिसऱ्या लीगमधला हा क्लब म्हणत होता की दोन मोठ्या लीग मिळून मक्तेदारी करतायत. कोर्ट म्हणालं, बेसबॉलचे गेम ही राज्यापुरती गोष्ट आहे, टीम राज्याराज्यांतून फिरते ते निव्वळ ओघाने आलं, आणि पैशासाठी गेम होत असला तरी नेहमीच्या अर्थाने याला ट्रेड किंवा कॉमर्स म्हणता येणार नाही. म्हणजे मालकांना मक्तेदारीच्या कायद्यापासून वाचवायचं तेव्हा बेसबॉल हा व्यापार नव्हे, आणि कामगाराला रविवारी आत सोडायची वेळ आली तेव्हा बेसबॉल हा पक्का धंदा. दोन वेगळी कोर्टं, दोन वेगळे कायदे, वकील लगेच सांगतील की यात तांत्रिक विरोध नाही, 1922 चा प्रश्न आंतरराज्य व्यापाराचा होता वगैरे. तांत्रिक नसेल, पण निकालांचा भार दोन्ही वेळा कुणावर पडला ते बघा. 1922 च्या निकालाने खेळाडू आपापल्या क्लबशी बांधले गेले, ते बंधन 1953 ला आणि पुन्हा 1972 ला त्याच कोर्टाने कायम ठेवलं, चूक आहे असं सूचित करून सुद्धा, आणि 1927 च्या निकालाने प्रेक्षक बाहेर राहिला. माझ्या वाचनात या दोन निकालांचा एकत्र विचार फार कमी दिसतो, आणि तो करायला हवा.

समोरच्या बाजूचंही सांगायला हवं. रविवार बंद ठेवा म्हणणारे सगळे काही आनंदाचे शत्रू नव्हते. एक दिवस सुट्टीचा राहिला नाही तर मालक तोही कामाला जुंपतील ही भीती खरी होती, आणि रविवारी गेम म्हणजे ट्राम कंडक्टर, गेटवरचा माणूस, शेंगदाणे विकणारा, पोलिस, सगळ्यांनाच काम. खेळाडूंमध्येही मनापासून रविवार पाळणारे होते, एका तरुण कॅचरने रविवारी खेळायला नकार दिला, आणि तोच पुढे ब्रुकलिनचा प्रमुख होऊन 1947 ला मोठ्या लीगची वर्णबंदी मोडणारा ठरला. त्या श्रद्धेचा मला आदर आहे. पण स्वतः न खेळणं वेगळं आणि दुसऱ्याला कायद्याने बघू न देणं वेगळं.

यात ज्यांचं सर्वांत जास्त नुकसान झालं त्यांचा उल्लेख क्वचित होतो. कृष्णवर्णीयांच्या क्लबांना आठवड्याच्या कमाईचा मोठा हिस्सा रविवारीच मिळायचा, त्यांचा प्रेक्षक जवळजवळ सगळा कष्टकरी. फिलाडेल्फियाला लागून असलेल्या डार्बीत 1920 च्या दशकात त्यांची एक जबरदस्त टीम होती, तिला घरच्या मैदानावर रविवार नाही, पैसे कमवायचे तर बाहेर जा. गोऱ्या लीगच्या क्लबकडे निदान शनिवारची गर्दी आणि गाठीला भांडवल होतं.

निकालानंतर फिलाडेल्फियाच्या क्लबने नदीपलीकडे कॅमडेनला रविवारचं मैदान बांधू अशी भाषा केली, प्रत्यक्षात झालं नाही. टीम मात्र इतिहासातल्या सर्वोत्तम टीमपैकी एक होती, 1929, 1930, 1931 सलग तीन वर्षं लीग जिंकली, त्यातली दोन वर्ल्ड सिरीज. तरी मंदीत मैदान रिकामं पडायला लागलं आणि सप्टेंबर 1932 ला तीन मोठे खेळाडू एका झटक्यात शिकागोला 1 लाख डॉलरला विकले, 1933 च्या शेवटी आणखी काही हिरे गेले. 1933 च्या अख्ख्या सीझनला प्रेक्षक 3 लाखांच्या आत. याला फक्त रविवार कारण होता असं मी म्हणत नाही, मंदी होती, पगार मोठे होते, पण ज्या शहरातला बेकार किंवा अर्धा बेकार माणूस फक्त रविवारी येऊ शकतो तिथे रविवारच नसेल तर टीम टिकणार कशी.

शेवटी मंदीनेच काम केलं. सरकारला कर हवा होता, लोकांना काहीतरी विरंगुळा हवा होता, आणि दारूबंदीचा बुरूज ढासळत होता. 1933 च्या वसंतात राज्याच्या राजधानीत, हॅरिसबर्गला, बिल पास झालं, वर्षानुवर्षं त्याच्यासारखी बिलं पडत आली होती. यात तडजोड अशी की बंदी राज्यभर सरसकट उठणार नाही, प्रत्येक गावाने आणि शहराने स्वतः मतदान करायचं, आणि वेळ फक्त दुपारी दोन ते सहा. 7 नोव्हेंबर 1933 ला मतदान झालं. फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्गने मोठ्या फरकाने हो म्हटलं, ग्रामीण भागात बऱ्याच ठिकाणी नाही म्हटलं, आणि दोघांचंही ऐकलं गेलं. महिन्याच्या आत 5 डिसेंबरला दारूबंदी संपवणाऱ्या घटनादुरुस्तीला ज्या राज्यांनी शेवटची मतं दिली त्यातही पेनसिल्व्हेनिया होतं. अमेरिकन फुटबॉलवाले मतदानाकडे डोळे लावून बसले होते, त्याच वर्षी दोन्ही शहरांत व्यावसायिक टीम निघाल्या होत्या आणि मतदानानंतर पुढच्याच रविवारी, 12 नोव्हेंबरला, फिलाडेल्फियात पहिला रविवारचा फुटबॉल गेम झाला. बेसबॉलने एप्रिल 1934 ला सुरुवात केली. सिनेमाला मात्र 1935 पर्यंत थांबवलं.

पुढची वीस-पंचवीस वर्षं म्हणजे रविवारच्या डबलहेडरचा काळ, एका तिकिटात दोन गेम, डबा घेऊन जायचं, दिवस मैदानात घालवायचा. पेनसिल्व्हेनियात वेळेची मर्यादा राहिली, नंतर ती थोडी वाढवली, पण वेळ झाली की दुसरा गेम मध्येच थांबवायचा आणि उरलेला पुढे कधीतरी पुरा करायचा हे दोन्ही शहरांतल्या प्रेक्षकांनी बरीच वर्षं सोसलं. दरम्यान 1938 च्या कामगार कायद्यामुळे पुढे 40 तासांचा आठवडा आला, शनिवार मोकळा झाला, दिवे आले, टीव्ही आला. 1961 मध्ये देशाच्या सुप्रीम कोर्टाने रविवारी दुकानं बंद ठेवणारे कायदे घटनाबाह्य नाहीत असा निकाल दिला, कारण आता त्यांचा हेतू धार्मिक नसून सर्वांना समान विश्रांतीचा दिवस हा आहे. त्यातल्या एका खटल्यात फिलाडेल्फियाचे ज्यू दुकानदार होते, शनिवारी धर्माने बंद, रविवारी कायद्याने बंद, ते हरले. पॅरामसचे मॉल ज्या आधारावर आजही बंद राहतात तो हाच. पेनसिल्व्हेनियात आजही रविवारी गाडी विकता येत नाही, आणि शिकारीवरची रविवारची बंदी तर पूर्णपणे उठली ती थेट 2025 मध्ये.

डबलहेडर हळूहळू गेले, कारण मालकांना दोन गेमची दोन तिकिटं विकायची होती. 1990 पासून रविवार रात्रीचा राष्ट्रीय टीव्हीवरचा गेम सुरू झाला, म्हणजे ज्यांना सोमवारी शाळा आहे ती मुलं शेवटच्या इनिंग बघतच नाहीत. 2022 मध्ये स्ट्रीमिंगवाल्यांनी रविवार सकाळ विकत घेतली आणि पहिला गेम 8 मेला फेनवेवर, सकाळी साडेअकराच्या सुमारास. जिथे चर्चपासूनचे फूट मोजले जात होते तिथे चर्चच्या वेळेत गेम, आणि कुठल्याही विधिमंडळात चर्चा नाही, मतदान नाही, एक करार झाला आणि वेळ बदलली. वर त्या सीझनचे पुढचे असे गेम बघायला वेगळं सबस्क्रिप्शन. 1919 ला वेळ ठरवताना निदान लोकप्रतिनिधी समोरासमोर बसले होते.

आणि ती 1926 ची टीम? 1955 ला कॅन्सस सिटीला गेली, 1968 ला ओकलंडला, आणि सप्टेंबर 2024 ला ओकलंडही सोडलं. सध्या वेस्ट सॅक्रामेंटोत एका मायनर (दुय्यम) लीगच्या मैदानावर खेळते, पुढे लास व्हेगास. नेवाडाच्या विधिमंडळाने जून 2023 ला खास अधिवेशनात 380 मिलियन डॉलरपर्यंतचा सरकारी पैसा मंजूर केला. शिक्षकांच्या संघटनेच्या पाठिंब्याने लोकांनी यावर सार्वमत मागितलं, तर मे 2024 ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने अर्जात बिलाचा पूर्ण मजकूर जोडलेला नाही म्हणून तो बाद केला. त्याच्या महिनाभर आधी, 2 एप्रिल 2024 ला, मिसुरीच्या जॅक्सन काउंटीत स्टेडियमसाठीच्या विक्रीकरावर मतदान झालं होतं आणि जवळजवळ 58 टक्के लोकांनी नाही म्हटलं. ते 'नाही' मला पटो न पटो, ते लोकांनी दिलेलं होतं, जसं 1933 ला पेनसिल्व्हेनियातल्या छोट्या गावांनी दिलं होतं. लास व्हेगासच्या मतदाराला हो म्हणायचीही संधी मिळाली नाही आणि नाही म्हणायचीही, बांधकाम चालू आहे, उद्घाटनाचं वर्ष 2028 ठरलंय. माझ्या मते हे 1933 च्या मागे जाणं आहे.